तिला सगळं कळत होतं

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय देण्यात आला आहे, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि वृद्ध रुग्ण. मागच्या वेळी याच ठिकाणी उभी राहून मी वसतिगृहांचा अहवाल वाचला होता. किती मुली दहावी झाल्या, किती नर्सिंगला गेल्या, ते सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या आणि मी त्या आनंदाने घेतल्या. आज मी अहवाल आणलेला नाही. आज एक घटना सांगणार आहे, आणि तिच्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगते आहे. त्यांची नावं आणि गाव मात्र सांगणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण नंदुरबार जिल्ह्यात आमचं काम पाहायला येऊन गेला आहात. दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडे कसे रिकामे होतात ते आपण पाहिलं आहे. तरणी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, लहान मुलं, कोंबड्या आणि शेळ्या. चार-पाच महिने नातवंडांना आजीच सांभाळते. पाणी तीच आणते, भाकरी तीच करते, अंगणवाडीत तीच सोडते.

अशीच एक आजी आठवडी बाजाराला खाली उतरली होती. दोन दिवस जुलाब होत होते, तरी मीठ-मिरची संपली म्हणून आली. बाजारातच चक्कर येऊन पडली. कोणीतरी १०८ ला फोन केला. मी आठवड्यातले काही दिवस ज्या रुग्णालयात समाजसेविकेचं काम करते, तिथे तिला आणून सोडलं. सोबत कोणी नाही. नाव कोणाला माहीत नाही. केस पेपरवर वय लिहिलं ८०, तेही चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहून.

सलाईन लावलं. थोडी हुशारी आली तशी ती उठून बसायला लागली. पलंगावरून खाली उतरायची, सलाईनची सुई ओढायची, मोठ्याने काहीतरी बोलत राहायची. रात्रपाळीच्या सिस्टर दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्यांना तिची भाषा येत नव्हती. शेजारच्या पलंगावरच्या अहिराणी बोलणाऱ्या बाईला एवढंच कळलं, की ही पोरं पोरं म्हणते आहे. सगळ्यांनी अर्थ लावला, की म्हातारीला भ्रम झाला आहे आणि ती कधीकाळच्या मुलांना हाका मारते आहे. केस पेपरवर तसं लिहिलं गेलं. मध्यरात्रीनंतर सुई दुसऱ्यांदा निघाली, तेव्हा गॉजच्या पट्टीने तिचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बांधले.

रात्रपाळीला दोन विद्यार्थिनी होत्या. जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला होत्या त्या. हात बांधताना पट्टी धरून उभी होती ती मुलगी अक्कलकुव्याकडची. आजीही तिकडचीच, देहवाली बोलणारी. त्या मुलीला आजीचा शब्द न् शब्द कळत होता.

आजी रात्रभर दोनच गोष्टी सांगत होती. घरात पोरं एकटी आहेत. मला जाऊ द्या.

सकाळी आठला पाळी संपली. मुलगी होस्टेलवर गेली, पण तिला झोप लागली नाही. अकराच्या सुमाराला ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सात नंबरची आजी वेडी नाही. तिची दोन नातवंडं घरात आहेत. ती काल संध्याकाळी परत येते सांगून निघाली होती."

मी तिला बरोबर घेतलं. आधी आम्ही वॉर्डात गेलो. मुलीने आजीच्या कानाशी वाकून तिच्या भाषेत पाड्याचं नाव विचारलं. आजी क्षणभर बघतच राहिली. मग एकदम शांत झाली आणि खुणा सांगायला लागली. कोणता नाला, कोणतं मोहाचं झाड, किती घरं सोडून. हात सोडले, तर तिने सुईला हातही लावला नाही.

रस्ता संपतो तिथपर्यंत जीपने गेलो आणि पुढे तासभर चाललो. आमच्याकडची घरं एकमेकांना लागून नसतात, एकेक टेकडीवर एकेक घर असतं. दार आतून दोरीने बांधलेलं होतं. मी बाहेरून हाक मारली, "बाळांनो, दार उघडा, आम्ही दवाखान्यातून आलो आहोत." आतून आवाज नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही. मग ती मुलगी पुढे झाली आणि देहवालीत काहीतरी म्हणाली. आत हालचाल झाली, दोरी सुटली, आणि आठ-नऊ वर्षांची एक पोर दारात आली. तिच्या कडेवर तीन वर्षांचा भाऊ. तिने त्याला रात्री उकडलेला मका भरवला होता. हंड्यातलं पाणी संपलं होतं. दोघं सुखरूप होती, प्रभूची स्तुती असो. पण चूल, विंचू-साप आणि तान्हेलेलं पोर, हे सगळं डोळ्यांपुढे आणून पाहा. त्या आजीने रात्रभर तेच डोळ्यांपुढे आणलं होतं, हात बांधलेल्या अवस्थेत.

परत येताना मुलं जीपमध्ये झोपली. मी त्या विद्यार्थिनीला विचारलं, "तुला रात्रीच कळलं होतं. मग बोलली का नाहीस?" माझ्या आवाजात राग होता, हे मी कबूल करते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, बरोबरीच्या मुलींना माहीत नव्हतं मी ती भाषा बोलते. सवयच लागली आहे. ती भाषा तोंडाशी आली की मी आधी आजूबाजूला बघते."

ही सवय तिला कोणी लावली, ते मला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना वसतिगृहात आली, तेव्हा अधीक्षिका मी होते. माझ्या खोलीबाहेर पत्र्याचा एक डबा असायचा. जी मुलगी घरची भाषा बोलताना सापडेल, तिने त्यात एक रुपया टाकायचा. मुलींचं मराठी सुधारावं, शाळेत त्या मागे पडू नयेत, एवढाच माझा हेतू होता. आणि मराठी सुधारलं, दहावीला मार्कही मिळाले, ते खोटं नाही. रविवारी मी तो डबा अर्पणात रिकामा करत असे. त्या रुपयांवर आम्ही प्रार्थना केली आहे.

आपण पवित्र शास्त्र जाणता. प्रभू येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्र अंगणात उभा होता. त्याने तीनदा नाकारलं. लोकांनी त्याला कशावरून ओळखलं? त्याच्या बोलण्यावरून. त्याची गालीलातली बोली लपली नाही. मी धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना या उताऱ्यावर प्रवचन लिहिलं होतं आणि पेत्राच्या भित्रेपणावर पुष्कळ बोलले होते. त्या दिवशी जीपमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, की ज्याच्या बोलीला आयुष्यभर लोक हसत आले असतील, त्याला ती बोली लपवावीशी वाटणं किती साहजिक आहे. आणि आमच्या वसतिगृहात ती लपवायला मीच शिकवत होते.

बंधुभगिनींनो, हे ऐकून आपण म्हणाल, की हा भाषेचा प्रश्न झाला, वृद्धांचा कुठे झाला? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यानंतर आमच्या ट्यूटर आणि मी मुलींशी एकेकीने बोललो. आदिवासी मुलींनी जे सांगितलं ते असं: वॉर्डात म्हातारी बाई आली, तिच्या अंगावर तसंच लुगडं, तसंच गोंदण, तशीच बोली असली, की तिच्यात आपली आजी दिसते. आणि आजी ही अशी गोष्ट, जी होस्टेलच्या भेटीच्या दिवशी फाटकापाशी उभी राहिली की लाज वाटायची. म्हणून पटकन काम उरकायचं आणि पुढे जायचं. बाकीच्या मुलींची कारणं वेगळी होती. म्हाताऱ्या माणसांचं काम म्हणजे बेडपॅन, कुशी बदलणं आणि तेच तेच ऐकणं, त्यात शिकण्यासारखं काही नाही. खरं नर्सिंग म्हणजे अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, बाळंतपण. आणि दोन्ही गटांचं एक वाक्य सारखं होतं: या वयात आता आणखी काय होणार?

हे शेवटचं वाक्य फार महाग पडतं. साठीच्या पुढच्या माणसाच्या प्रत्येक दुखण्यावर "वय झालं" असं म्हटलं, की तपासणं थांबतं. त्या आजीचं वय ८० नव्हतं. पुढे आम्ही हिशोब केला. १९७२ च्या दुष्काळात ती आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी उचलायला जात होती, तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे ती पासष्टीच्या थोडी पुढे. आमच्याकडे आधार कार्डावर कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारीच असते, तसं हे ८०. आकडा चुकीचा लिहिला गेला आणि त्या आकड्यामुळे भ्रम खरा वाटला.

या वृत्तीला नाव आहे. अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये तिला 'एजिझम' म्हटलं. आपण वयभेद म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा दुजाभाव असावा, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा आमच्या मुली जगावेगळ्या वाईट नाहीत. आणि आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती, आता ती आणखी वाढली आहेत. आज शिकणाऱ्या मुलींच्या हाताखालून आयुष्यभर जे रुग्ण जाणार आहेत, त्यांत फार मोठा वाटा म्हाताऱ्यांचा असणार आहे.

मग आम्ही काय केलं? पहिल्यांदा आपल्याला सवय आहे तेच केलं. वृद्धांचा मान राखा, यावर मी एक भक्ती घेतली. लेवीय पुस्तकातली आज्ञा सांगितली, की पिकल्या केसांसमोर उठून उभं राहावं. मुली नम्रपणे ऐकत होत्या. त्यानंतर ट्यूटरनी एक प्रश्नावली भरून घेतली. नेथन कोगन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ती तयार केली. त्यात ३४ विधानं आहेत, निम्मी वृद्धांच्या बाजूची आणि निम्मी विरुद्ध. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ती अनेक देशांत वापरतात. आमच्या मुलींची उत्तरं उत्तम आली. काय लिहायला हवं, ते त्यांना माहीत होतं. त्याच संध्याकाळी वॉर्डात एक आजोबा पाणी मागत होते आणि दोन मुली त्यांच्यावरून दोनदा गेल्या.

मग दुसरा प्रयोग. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लावलं, कानात कापूस घातला, चपलेत हरभरे टाकले, हातमोजे घालून गोळ्यांचं पाकीट फोडायला लावलं. म्हातारपण कसं असतं ते अनुभवा, असा हेतू. मुली दहा मिनिटं हसल्या आणि मग गंभीर झाल्या. एकीने लिहिलं, की म्हातारं होण्याआधीच देवाने न्यावं. मला ते वाचून धक्का बसला. कीव वाढली होती आणि भीतीही वाढली होती. आदर तिथल्या तिथेच होता.

तिसरी गोष्ट आम्हाला त्या रात्रपाळीच्या मुलीनेच सुचवली. ती सुट्टीच्या दिवशी त्या आजीकडे जाऊ लागली होती. का, तर आजी पुन्हा दवाखान्यात यायला तयार नव्हती. मनगटावरचे वळ गेले, पण तिला ते घर नको होतं. म्हणून ही तिथे जायची. पहिल्या भेटीत आजीने तिला विचारलं, की तू कोणाची? मुलीने आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, पाड्याचं सांगितलं. तेव्हा कळलं, की हिच्या आजीचं माहेर आणि त्या आजीचं सासर एकाच खोऱ्यातलं. मुलीने मला येऊन सांगितलं, "बाई, तिने मला माफ केलं की नाही, माहीत नाही. पण जेवायला घातलं."

त्यावरून आम्ही एक साधी रीत सुरू केली. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीने आसपासच्या गावातलं एक म्हातारं माणूस सहा महिने आपलं मानायचं. पंधरा दिवसांतून एकदा भेट. पहिल्या भेटीला बीपीचं यंत्र न्यायचं नाही. नाव विचारायचं, आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारू, तेही विचारायचं. आमच्याकडे याहामोगी म्हणतात, त्यातला याहा म्हणजे आई. एका विद्यार्थिनीने तिच्या आजीला याहा म्हणायला सुरुवात केली, तर ती म्हातारी शेजारणीला सांगत सुटली. प्रत्येक भेटीत त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून यायची आणि वहीत लिहायची. कोणी बियाणं राखेत घालून तुंब्यात कसं ठेवायचं ते लिहून आणलं. एका आजोबांनी साठ वर्षांपूर्वी पाड्यावर कोणती साथ आली आणि कोणत्या घरात कोण गेलं, ते एकेक नाव घेऊन सांगितलं. ती वही वाचून आमचे डॉक्टर शांत बसले होते.

आणि दुसऱ्या भेटीपासून खरं नर्सिंग. म्हाताऱ्यांचं काम म्हणजे नुसतं बेडपॅन, ही समजूत इथे मोडली, कारण मुलींच्या लक्षात आलं की हे काम सर्वांत अवघड आहे. वय वाढतं तशी तहान मंदावते, शरीरातलं पाणी कमी झालं तरी माणूस पाणी मागत नाही. छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी कधी ताप येतच नाही. चांगलं बोलणारं माणूस एका रात्रीत बरळायला लागलं, तर ते म्हातारपण समजायचं नाही. पाणी कमी झालंय का, लघवी अडलीय का, साखर उतरलीय का, नवी गोळी सुरू झालीय का, हे आधी पाहायचं. हात बांधले तर माणूस अधिकच घाबरतं. त्यापेक्षा कोणीतरी शेजारी बसायचं. कानाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून ओरडलं की आवाज चिरकतो आणि आणखीच कळत नाही. समोर बसून, ओठ दिसतील असं, जाड आवाजात सावकाश बोलायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली, तर पाठीला जखमा होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतः शोधली. श्रावणबाळ योजनेचे पैसे एका आजोबांना मिळेनात, कारण राबून राबून बोटांचे ठसे झिजले होते आणि यंत्रावर अंगठा उमटत नव्हता. त्यांची विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर बँकेत दोनदा जाऊन बसली. नर्सिंगच्या पुस्तकात हे नाही.

सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. काही मुली भेटीला न जाताच वही भरायच्या. एका आजोबांनी आलेल्या मुलीला जातीवरून बोलून परत पाठवलं, तेव्हा म्हातारी माणसं सगळीच प्रेमळ असतात, हा माझाही भ्रम गेला. एक हुशार विद्यार्थिनी सहा महिन्यांनी म्हणाली, "बाई, मला अजूनही म्हाताऱ्यांचं काम आवडत नाही. मला मोठ्या शहरात अतिदक्षता विभागातच जायचं आहे." मी म्हटलं, जरूर जा, तिथल्या निम्म्या खाटांवर म्हातारीच माणसं असतील. ती हसली. पण तिच्याच वॉर्डात मी नंतर पाहिलं, की ती रुग्णाला नंबराने हाक मारत नाही. मला तेवढं पुरे आहे. आवड निर्माण करणं माझ्या हातात नाही. ओळख करून देणं आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय आपण रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो. मुलगा शमुवेल आणि म्हातारा एली. एलीची दृष्टी मंद झालेली. रात्री हाक येते, आणि शमुवेलाला वाटतं म्हाताऱ्याने बोलावलं. तो उठून धावत जातो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जा झोप. असं तीनदा होतं. मी हा उतारा नेहमी देवाच्या पाचारणाविषयी वाचत आले. आता मला तो रात्रपाळीचा उतारा वाटतो. मध्यरात्री तीनदा उठणारा तो मुलगा एकदाही कुरकुरत नाही. आणि देवाची वाणी कानावर पडूनही ती देवाची आहे, हे त्याला कळत नाही. ते त्या म्हाताऱ्यालाच उमगतं आणि काय उत्तर द्यायचं, तेही तोच शिकवतो. आमच्या वॉर्डात त्या रात्री हाक आली होती. आमच्यापैकी एकीला ती समजलीही होती. पण ती उठून म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊ शकली नाही, कारण मी तिला त्या भाषेची लाज बाळगायला शिकवलं होतं.

आता आपल्याशी दोन शब्द. आपण वर्षानुवर्षं देत आला आहात. त्या मुलीची फी आपण भरली. त्याच पैशावर ते वसतिगृह चाललं, जिथे तो डबा होता. म्हणून हे सांगण्याचा मला हक्क नसला तरी गरज आहे.

पहिलं, डबा आता नाही. वसतिगृहात मुली मराठी शिकतात आणि घरची भाषाही बोलतात. शनिवारी संध्याकाळी पाड्यावरची एखादी आजी येऊन गोष्टी सांगते. भेटीच्या दिवशी आज्यांना फाटकाबाहेर उभं न करता आत खुर्ची देतो.

दुसरं, या वार्तापत्रात मीच एकदा एका म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातांचा मोठा फोटो छापला होता. त्या अंकानंतर देणग्या चांगल्या आल्या. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. यापुढे वृद्धांचा फोटो नावाने आणि त्यांच्या परवानगीने छापला जाईल, मग देणगी कमी आली तरी चालेल.

तिसरं, घोंगड्या आणि चादरी. नाताळात आपण प्रेमाने पाठवता. पण काही घरांत तीन-तीन न उलगडलेल्या चादरी मी पाहिल्या आहेत, आणि त्याच घरात मोतीबिंदूने आंधळी झालेली बाई भिंत चाचपत चुलीपाशी जाते. यंदा चादरींऐवजी जीपचं डिझेल, चष्मे, काठ्या, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ने-आण आणि विद्यार्थिनींचं एसटीचं भाडं, यासाठी द्या. फोटोत हे चांगलं दिसत नाही, पण कामाला हेच येतं.

चौथं, आपापल्या मंडळीत पाहा. उपासनेनंतर चहा घेताना मागच्या बाकावर एकटं बसलेलं म्हातारं माणूस असेल. तुमच्या तरुण संघातल्या एकेकाला त्यांच्याकडे पाठवा, पण मदत करायला म्हणून पाठवू नका. काहीतरी शिकून यायला सांगा.

शेवटी प्रार्थनेची विनंती. ती विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा. पास झाल्यावर कुठे जायचं ते तिने ठरवलेलं नाही आणि मीही तिला सुचवत नाही. त्या आजीचा मुलगा आणि सून ऊसतोडीहून परत आले, पण पुन्हा जातील. ती आठ-नऊ वर्षांची पोर आता शाळेत जाते. आजी अजून दवाखान्याची पायरी चढलेली नाही. मागच्या महिन्यात तिच्या डोळ्यांत पडदा वाढलाय असं दिसलं. ऑपरेशनला चल म्हटलं, तर म्हणाली, ही पोरगी रात्रभर शेजारी बसणार असेल तर विचार करीन. मुलीने लगेच हो म्हटलं. आजीने अजून उत्तर दिलेलं नाही. तिने हो म्हणावं, यासाठी प्रार्थना करा, आणि आमच्या हातून पुन्हा कोणाचे हात बांधले जाऊ नयेत, यासाठीही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.